भावाच्या कानात सतत शिट्टी: एमआरआय, गोळ्या, मशीन, की ताशाच बंद?

सिंहगडरोडकर

प्रश्न धाकट्या भावासाठी आहे. वय ३१, पथकात ताशा वाजवतो. गेल्या गणपतीच्या मिरवणुकीनंतर दोन्ही कानांत बारीक शिट्टी सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. चक्कर नाही, कान वाहत नाही, दुखत नाही. दिवसा कामात असला की चालून जातं, रात्री झोपेचं खोबरं होतं.

ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी) असा: २५० ते २००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कान १० ते १५ डेसिबल. ३००० वर २५. ४००० वर उजवा ४०, डावा ४५. ६००० वर ३५ आणि ४०. ८००० वर दोन्ही २०. हाडातून घेतलेली मापंही तशीच. टिंपॅनोग्राम (पडद्याच्या हालचालीची तपासणी) दोन्हीकडे 'ए' टाइप, म्हणजे नॉर्मल. पडदे स्वच्छ.

गोळ्या: बीटाहिस्टीन १६ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, मिथाइलकोबालामिन, जिंकगो. फरक शून्य. एका ठिकाणी लेझरचं पॅकेज घ्या म्हणतात, आधी पैसे भरायचे. दुसरीकडे एमआरआय सुचवला. स्वतः तो घाबरून दिवसभर कानात फोमचे बोळे घालून बसतो. पथकाचा सराव पुन्हा सुरू होतोय. नेमकं काय करावं?

कानाखाली_आवाज

आकडे टाकलेत म्हणून बरं. 'नस वीक आहे म्हणाले' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.

४००० ला खड्डा आणि ८००० ला परत वर, हा मोठ्या आवाजाने झालेल्या इजेचा ठरलेला आकार आहे. वयाने येणारी घट ८००० कडे उतरतच जाते, परत चढत नाही. हाडाची आणि हवेची मापं सारखी, म्हणजे मधल्या कानात अडथळा नाही. इजा आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींची आहे आणि त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत.

एमआरआयचं: कर्णनाद (कानातली ही शिट्टी) दोन्हीकडे सारखा, ऐकण्यातला फरक जेमतेम ५ डेसिबल, नाडीच्या ठेक्यावर आवाज येत नाही, तोंड वाकडं होणं किंवा बधिरपणा नाही. असं असेल तर एमआरआयची गरज नसते. २०१४ ची अमेरिकन ईएनटी मार्गदर्शक तत्त्वं अशा रुग्णात स्कॅन करू नका असंच सांगतात. गरज कधी पडते? आवाज एकाच कानात असेल, किंवा लगतच्या दोन फ्रिक्वेन्सींवर दोन कानांत १५ डेसिबल वा जास्त फरक असेल तर. तेव्हा श्रवणनसेवरची गाठ नाही ना, एवढं बघायचं असतं.

आवाज धडधड असा, नाडीबरोबर येत असेल तर रस्ता वेगळा. मनगटावर बोट ठेवून ताल जुळतो का बघा. जुळला तर रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तवाहिन्यांचा स्कॅन. आणि कधी अचानक, तीन दिवसांच्या आत, एका कानाचं ऐकू येणं धाडकन कमी झालं तर ती इमर्जन्सी समजा. बऱ्याच जणांना वाटतं सर्दीने दडा बसलाय, आणि ते आठवडाभर वाफ घेत बसतात. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत, जितक्या लवकर तितका जास्त. तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र इतक्या महिन्यांनी स्टेरॉइडला अर्थ नाही.

आता करून घेण्यासारखं. कर्णनादाची पट्टी (सूर किती उंच) आणि जोर जुळवून घ्या. ऑडिओमीटरवर वेगवेगळे सूर ऐकवतात, पेशंटने 'हाच' म्हणायचं. बहुतेकदा पट्टी नेमकी खड्ड्याच्या आसपास सापडते. जोर मात्र त्या फ्रिक्वेन्सीच्या उंबरठ्याच्या (जेमतेम ऐकू येतं त्या पातळीच्या) वर ५-१० डेसिबल इतकाच भरतो. हे पेशंटला ऐकूनच धक्का बसतो, कारण त्याला तो आवाज प्रचंड वाटत असतो. जोर आणि त्रास यांचं गणित जुळत नाही, हे या विषयातलं सगळ्यात पक्कं निरीक्षण.

त्रास मोजायला वेगळी प्रश्नावली आहे, टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी, १९९६ ची. २५ प्रश्न, 'हो' ला ४, 'कधीकधी' ला २, 'नाही' ला ०. एकूण १६ पर्यंत नगण्य, ३६ पर्यंत सौम्य, ५६ पर्यंत मध्यम, ७६ पर्यंत तीव्र, त्यापुढे अतितीव्र. आज भरून तारीख टाकून ठेवा. पुढे कोणताही उपाय केला की हाच आकडा बघायचा. 'आज जरा बरं वाटतंय' यावर काही ठरवू नका. ७ गुणांच्या आतला चढउतार मोजायचा नाही.

ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेला बघा. पुण्यात भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं कॉलेज आहे, ससूनला ईएनटी विभाग आहे. मशीनच्या दुकानातली 'फ्री हिअरिंग टेस्ट' या कामाची नाही.

पुरावा_दाखवा

गोळ्यांचं बोलतो. कर्णनादावर मंजूर झालेलं एकही औषध आजमितीला नाही, अमेरिकेत नाही, युरोपात नाही. आपल्याकडे चिठ्ठीवर तीन ओळी येतात त्या 'काहीतरी दिलं पाहिजे' म्हणून.

बीटाहिस्टीन मेनिएर या आतल्या कानाच्या आजारातल्या चकरांसाठी वापरतात. ब्रिटनच्या नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये स्पष्ट लिहिलं: कर्णनादासाठी बीटाहिस्टीन देऊ नका. भावाला चक्कर नाही, तर ही गोळी कशासाठी चालू आहे हे डॉक्टरांना सरळ विचारा. परस्पर बंद करू नका, पण विचारा.

जिंकगोचा कोक्रेन (सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढावा २०२२ चा: १२ चाचण्या, १९१५ माणसं, खोट्या गोळीपेक्षा फरक नगण्य किंवा नाहीच. वर ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती. मिथाइलकोबालामिनचं असं की आधी रक्तातलं बी१२ तपासा. शाकाहारी घरात ते कमी निघणं काही नवल नाही, आणि कमी निघालं तर घ्यायलाच हवं. पण ती कमतरतेची दुरुस्ती झाली, शिट्टीवरचा इलाज नव्हे. पातळी नीट असेल तर पैसे वाया. झोपेसाठी कोणी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम सुरू केलं तर सावध राहा. सवय लागते, आणि सोडताना आवाज उफाळून येतो.

लेझर: खोट्या लेझरशी तुलना केलेल्या चाचण्यांत भरवशाचा फरक दिसलेला नाही. त्यात आगाऊ पैसे मागतात म्हणजे निकालाची खात्री त्यांनाही नाही.

नवीन यंत्रांबद्दल विचारणा होतेच म्हणून लिहितो. लेनायर नावाचं यंत्र जिभेला सौम्य विजेची टोचणी आणि कानात आवाज एकाच वेळी देतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-यंत्र नियामकाने मार्च २०२३ मध्ये परवानगी दिली. मोठी चाचणी २०२० ला छापून आली, ३२६ जण, १२ आठवडे. बऱ्याच जणांचे गुण सुधारले, पण खोट्या यंत्राचा गट नव्हता, तीन वेगवेगळ्या सेटिंग्जची आपापसांतली तुलना होती. त्यामुळे यंत्राचा परिणाम किती आणि लक्ष मिळाल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. लाखाच्या घरातला खर्च करून परदेशातून मागवण्याइतका पुरावा मला दिसत नाही.

सदाशिवपेठी_आजोबा

गोमूत्र अर्क किंवा लसूण घालून कोमट केलेलं मोहरीचं तेल कानात रोज दोन थेंब. आमच्या पिढीने हेच केलं.

कानाखाली_आवाज

आजोबा, शिट्टी ज्या केसपेशींच्या इजेने वाजते त्या पडद्याच्याही आत, हाडाच्या शंखात आहेत. पडदा शाबूत असेल तर तेल तिथे पोचत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर पोचतं ते नुकसान करायला. लसणाने कानाच्या नळीची कातडी भाजलेली ईएनटीवाले नेहमी बघतात. मळ पडद्याला टेकून आवाज येत असेल तर मळ मऊ करायचे थेंब मिळतात, पण इथे पडदे स्वच्छ आहेत.

सिंहगडरोडकर

म्हणजे कानात दुरुस्ती होणार नाही. मग हा आवाज कुठून येतो, आणि बोळ्यांचं काय? तो म्हणतो कानाला आराम देतोय.

रातकिडा

बोळे आज काढायला सांगा. घरातल्या घरात बोळे हेच त्याचा त्रास वाढवत असण्याची दाट शक्यता आहे.

कानाकडून ४००० च्या आसपासची माहिती कमी यायला लागली की मेंदूतली श्रवणयंत्रणा आपला व्हॉल्यूम वाढवते. न आलेल्या सिग्नलच्या जागी स्वतःचीच खरखर मोठी करून ऐकते. गाठीसाठी श्रवणनस कापलेल्या लोकांतही कर्णनाद राहतो, तो यामुळेच. बोळा घातला की सगळंच कमी येतं, मग व्हॉल्यूम अजून वर. २०१२ चा एक प्रयोग आहे: चांगल्या कानाच्या १८ जणांनी एका कानात ७ दिवस बोळा ठेवला, बहुतेकांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले, बोळा काढल्यावर गेले. त्याच्या कितीतरी आधी, १९५३ मध्ये, हेलर आणि बर्गमन यांनी ८० धडधाकट लोकांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं. ९४ टक्क्यांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं सांगितलं. पूर्ण शांतता कोणालाच मानवत नाही, कर्णनादवाल्याला तर मुळीच नाही.

रात्रीची मांडणी अशी करा. आवाजाचा स्रोत उशीपासून चार-पाच फुटांवर, कानात नाही. साधा ब्लूटूथ स्पीकर पुरतो. पाऊस, धबधबा किंवा नुसता व्हाइट नॉइज. शब्द असलेली गाणी, कीर्तन, पॉडकास्ट नको, मेंदू अर्थ लावत जागा राहतो. फॅन चालतो, पण त्याची घरघर खालच्या पट्टीची आणि भावाची शिट्टी वरच्या पट्टीची, त्यामुळे नुसत्या फॅनने भागणार नाही. पावसाचा सळसळाट हवा. आणि डिसेंबरात पुणेकर फॅन बंद करतात तेव्हा 'आवाज एकदम वाढला' अशी तक्रार येते. वाढलेला काही नसतो, खोली शांत झालेली असते.

व्हॉल्यूम किती? इथेच बहुतेक लोक चुकतात. शिट्टी पूर्ण बुडेल इतका आवाज लावायचा नाही. शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. पाऊस आणि शिट्टी दोन्ही एकत्र ऐकू येतात, पण शिट्टी जरा मागे सरकते, त्या टप्प्याच्या किंचित खाली थांबा. पूर्ण बुडवली तर मेंदूला तिची सवय व्हायची संधीच मिळत नाही, आणि स्पीकर बंद झाला की दचकून जाग येते. त्याच कारणाने अर्ध्या तासाचा टायमर लावू नका, रात्रभर चालू द्या. फाइल लांब घ्या. दोन मिनिटांचा तुकडा फिरत राहिला तर सांध्यावरची टिक पकडली जाते आणि मग माणूस तिचीच वाट बघत पडतो.

दिवसा घर शांत असेल तेव्हाही असंच मंद काहीतरी चालू असावं. पण खरं सांगायचं तर आवाजाचा पुरावाही फार भक्कम नाही: कोक्रेनचा २०१८ चा आढावा ८ चाचण्यांचा, ५९० माणसांचा, आणि आवाजाची यंत्रं दुसऱ्या उपायांपेक्षा सरस आहेत असं त्यातून निघालं नाही. फुकटात होतं, धोका नाही, झोपेला मदत होते, म्हणून करायचं. 'रिट्रेनिंग थेरपी'च्या नावाखाली महागडे साउंड जनरेटर विकले जातात. २०१९ मध्ये १५१ जणांवर झालेल्या चाचणीत खरे जनरेटर, नुसते दिखाऊ जनरेटर आणि नेहमीची काळजी या तिन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली.

कानाखाली_आवाज

मशीनबद्दल इथेच जोडतो. बोलणं समजायला अडचण असेल तर कर्णनाद असताना हिअरिंग एड लावून बघणं योग्यच. पण भावाचा खड्डा अरुंद आहे, २००० पर्यंत कान उत्तम. हॉटेलच्या गोंगाटात समोरच्याचं बोलणं निसटतं का ते विचारा. नसेल तर मशीनवर खर्च करायची घाई नको.

घेतलंच तर ओपन डोम, म्हणजे कानाची नळी मोकळी ठेवणारं टोक. बंद डोमने स्वतःचाच आवाज घुमतो आणि शिट्टी वाढल्यासारखी वाटते. कर्णनादासाठी सेटिंग नेहमीपेक्षा उलटं असतं: नॉइज रिडक्शन कमीत कमी ठेवायचं, बारीक आवाज आत येऊ द्यायचे. दुकानात सॉफ्टवेअरचं 'फर्स्ट फिट' (आपोआप आलेलं सेटिंग) मारून देतात, त्यावर जाऊ नका. कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष माप घेणारा माणूस शोधा. आणि आधी काही आठवडे ट्रायल, मग पैसे.

मनोव्यापार

ज्या उपायाच्या मागे सगळ्यात जास्त पुरावा आहे त्याचं नाव अजून कोणी घेतलं नाही: कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. कोक्रेन २०२०, २८ चाचण्या, २७३३ माणसं. उपचार न घेतलेल्यांच्या तुलनेत हँडिकॅप गुण सरासरी ११ च्या आसपास खाली. आवाजाचा जोर कमी होत नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगायला हवं, नाहीतर पेशंट तिसऱ्या बैठकीला येत नाही. फायदा वर्षभर टिकतो का, यावर अभ्यास थोडे आहेत.

'मानसोपचार म्हणजे मला वेडं समजता का' हा प्रश्न ठरलेलाच. आवाज खरा आहे. पण मेंदूने त्याला धोक्याची घंटा मानलंय, आणि धोक्यावरून लक्ष हटत नाही. साधारण ६ ते १२ बैठका, आठवड्याला एक. काम कसं चालतं ते दाखवतो. भावाला एका वहीत तीन रकाने करायला सांगा: आवाज कधी टोचला, त्या क्षणी डोक्यात काय आलं, त्यानंतर काय केलं. बहुधा असं निघेल: 'रात्री पावणेबारा. हे आता जन्मभर. मोबाइलवर शोधत बसलो.' किंवा 'सकाळी उठलो. आज वाढलाय का? कान झाकून तपासलं.' ही तपासणीच पहिली थांबवायची. दिवसातून दहादा कान झाकून बघणारा माणूस मेंदूला दहादा सांगतो की ही गोष्ट महत्त्वाची आहे. मग मधल्या रकान्यातलं वाक्य घ्यायचं आणि तपासायचं: जन्मभर त्रास होणार, हे कशावरून? आवाज राहिला तरी त्रास उतरतो, हे बहुतेकांच्या बाबतीत घडतं.

झोपेचे नियम वेगळे. उठायची वेळ रविवारीसुद्धा तीच. अंथरुणात वीसेक मिनिटं झोप नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं. डोळे जड झाले की परत. दुपारची झोप बंद. 'वामकुक्षी कशी सोडणार' हे पुण्यात ऐकावं लागतं, पण काही आठवडे तरी सोडा.

थेरपिस्टला कर्णनादाचा अनुभव नसला तरी निद्रानाशावर या पद्धतीने काम करणारा चालेल. आणि भाऊ 'जगून काय उपयोग' अशा भाषेत बोलायला लागला तर प्रश्नावल्या बाजूला ठेवा, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६.

डेसिबल_काका

ताशाचं राहिलं. पथक सोडा असं सांगितलं तर तो ऐकणार नाही, म्हणून हिशेब देतो.

अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. लक्ष्मी रस्त्यावर मिरवणुकीत १०० च्या पुढचे आकडे दरवर्षी येतात. समजा पथकाच्या मधोमध मीटरवर १०६ आला, तर दिवसाचा कोटा चार मिनिटांत संपला. सराव पुलाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये असेल तर आवाज परतून येतो, म्हणून आकडा अजून वर. नदीपात्रात उघड्यावर बरं. फोनच्या ॲपवर फार विसंबू नका, मोठ्या आवाजात बऱ्याच फोनचे माइक दबतात आणि कमी दाखवतात.

फोमच्या बोळ्यावर पाकिटावर एनआरआर (आवाज किती डेसिबल कमी होतो तो आकडा) ३३ लिहिलेलं असतं. ते ३३ कोणालाच मिळत नाहीत. ठोकताळा: ७ वजा करा, उरलेल्याचं निम्मं. म्हणजे १३. १०६ चे ९३ झाले, सव्वा तास. वरून इअरमफ चढवला तर साधारण ५ अजून, ८८, चार तास. मफ घालून फेट्याचं काय करायचं ते तुम्ही बघा, सरावाला तरी घाला.

बोळा घालायची पद्धत चुकली तर १३ सुद्धा मिळत नाहीत. हात कोरडे आणि गुलाल नसलेले. बोळा बोटांत गोल फिरवत काडीसारखा बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा, बोटाने ३० सेकंद धरून ठेवा. नीट बसला तर स्वतःचा आवाज घुमट वाटतो. तपासायला दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा: बाहेरचा आवाज ठळक कमी झाला तर बोळा नीट बसलेला नाही.

ताशेवाल्यांची तक्रार असते की फोमने चाल कळत नाही. खरंय, फोम वरचे सूर जास्त खातो. वादकांसाठी फिल्टरचे प्लग मिळतात, सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या कापतात. १५ डेसिबल कापणारे नकोत, २५ वाले घ्या. रांगेत जागा बदलली तरी फायदा होतो: दोन्ही बाजूंना ताशे आणि मागे ढोल, ही सगळ्यात वाईट जागा. कडेला उभं राहायचं आणि दर फेरीनंतर लांब जायचं. टोल (धातूची जाड थाळी) वाजवणाऱ्याच्या शेजारी अजिबात नको.

सिंहगडरोडकर

बोळे घरात काढायचे आणि सरावाला घालायचे, म्हणजे आमचा बरोबर उलटा कारभार चालला होता. पट्टी जुळवायची टेस्ट आणि नवा ऑडिओग्राम याच आठवड्यात करून घेतो. रविवारी सराव आहे, सोमवारी सकाळची वेळ मिळतेय.

कानाखाली_आवाज

सोमवार सकाळ नको. मोठ्या आवाजानंतर उंबरठा तात्पुरता वर चढतो आणि ऑडिओग्राम खरा आहे त्यापेक्षा वाईट निघतो. टेस्टच्या आधी किमान १४ तास गोंगाटापासून लांब, शक्य तर पूर्ण दोन दिवस. गुरुवार-शुक्रवार घ्या. जाताना जुना रिपोर्ट न्या आणि ३००० व ६००० वरची मापं घ्यायला आठवणीने सांगा, बरेच जण ती गाळतात. पुढचा ऑडिओग्राम विसर्जनानंतर त्याच मशीनवर, तोही १४ तासांचं पथ्य पाळून. ४००० वर १० किंवा जास्त डेसिबल घसरले तर प्लग बसत नाहीत असं समजायचं आणि ताशा खाली ठेवायचा.